चाक थांबल्यावर

श्रीधरने आईच्या, आनंदाबाईंच्या, चरख्याला बारीक चिरा पाडलेली पत्र्याची चकती बसवली होती. चकतीमागे दिवा आणि पुढे उजेड ओळखणारा विजेचा डोळा. चीर समोरून सरकली की तांबडा बल्ब लुकलुके. चाक तसूभर हललं तरी कळे. आंजी गावच्या बायका बघून गेल्या, आनंदाबाईंचा ऊर भरून आला.

कातणं थांबवून त्यांनी हात मांडीवर ठेवले. चाक थांबलं. बल्ब लुकलुकतच राहिला.

श्रीधरने चाक घट्ट धरलं, तरी तेच. दिव्यापुढे पोस्टकार्ड धरलं तेव्हा बल्ब विझला. कार्ड काढताच पुन्हा सुरू झाला, सूत कातणाऱ्या हाताच्या संथ लयीत.

आनंदाबाई चटईवर जरा सरकून बसल्या आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून ठसक्यात म्हणाल्या, "तुले म्हटलं होतं ना, माह्या पोराच्या यंत्रापासून कोनी लपू शकत नाई."