विनूचा हात

विनूचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला घरी सहज पोचे. डोंबिवलीच्या शाळेत मात्र दोन्ही खेपेस बोटभर कमी पडला. आणि कान धरता आल्याखेरीज हेडमास्तर कोणालाही पहिलीत घेत नसत.

"राहू द्या त्याला वर्षभर माझ्याजवळ," वासंती नवऱ्याला, श्रीपादरावांना, म्हणाली. "थोरलीचं बघताय ना? उठताबसता 'आमच्या बाई म्हणतात'. वेणीसुद्धा बाईंसारखी हवी. असं काय आहे हो त्या बाईंत?"

हात तोच असेल, तर दुसरे काहीतरी बदलत असणार, एवढे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या श्रीपादरावांना ठाऊक होते.



बदलत होता तो कोट: शाळेत नेताना विनूला घालायच्या कोटाच्या दोन्ही काखा वासंतीने आतून शिवून आवळल्या होत्या.