उलटं

“काका, ह्याला ना मोटर, ना बटण. नेऊन करणार काय?” भंगारवाल्या मुल्लाणीने विचारलं.

“चादर पिळणार,” मी म्हणालो.

पाचगणीच्या कुठल्याशा बंगल्यातून आलेलं ते कपडे धुण्याचं जुनं यंत्र. खाली पत्र्याचं पिंप, वर कपडे पिळायला दोन रबरी रूळ आणि ते फिरवायला दांडा. एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी. गंज खरवडला, रुळांवर नवं रबर चढवलं, दातेरी चाकांना ग्रीस दिलं. तीन आठवडे लागले. घाई करणारं घरात कोणी नव्हतं.

सोलापुरी चादर एकट्याने पिळता येत नाही. एक टोक मी धरायचो, दुसरं बायको. मी डावखुरा. माझा पीळ तिच्याच बाजूला जायचा. चादर नुसती गोल फिरायची, पाणी काही निघायचं नाही. “अहो, उलटं,” ती वैतागून म्हणायची. चाळीस वर्षांत ते एकदाही आपणहून माझ्या लक्षात राहिलं नाही. ती गेल्यापासून चादर तशीच गळत वाळते.

आज भिजलेल्या चादरीचं टोक रुळांत अडकवलं आणि दांडा फिरवला. चादर पुढे जायची सोडून परत माझ्याच अंगावर आली. सदरा पोटापर्यंत भिजला. हात सवयीने भलतीकडे फिरला होता.

मी दांडा धरून थांबलो.

मग मीच म्हणालो, “अहो, उलटं.”