मासे ऐकतात

"ह्या डब्यातल्या मटणाला कुत्र्याच्या तोंडाचा वास येतो बघ," उलुरियाक शेजारणीच्या कानाशी कुरकुरली. "पण गिळायचं. करतो काय!"

गावच्या सभेत दुभाष्याच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या सुनेने, नीवीने, ते ऐकलं. मग मला का वाढता रोज, असं सासूला विचारावंसं तिला वाटलं. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, याच बाईने खाडीतला ताजा मासा आणून स्वतःच्या बोटांनी भरवला होता. ते बाळ सहाव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा पाचवा लागला होता, आणि ताटात नुसता डबा. बाळ गेल्याचा म्हातारीचा राग अजून गेलेला नाही, नीवीने मनाशी धरलं होतं.

सैन्याचा अधिकारी खिडकीतून टेकडी दाखवत होता. तिथे जुनं रडार गंजत उभं होतं. त्या जागी नवं यायचं होतं.

"उत्तरेकडून कधी काय येईल, सांगता येत नाही. देशाला डोळे हवेत," तो म्हणाला. "जुन्या तळाची तेलाची पिंपं खाडीच्या वरच्या उतारातच पुरलेली आहेत. मासे आजारी दिसले असतील तर आत्ता बोला, आधी पिंपं काढू. नाहीतर बर्फ वितळला की काम सुरू."

नीवीने सगळं गावाच्या बोलीत सांगितलं. पण माशांबद्दल वाईट कोण बोलणार? जनावराला वाईट म्हटलं की ते ऐकतं, रुसतं, पुन्हा जाळ्याकडे फिरकत नाही. या बर्फाळ मुलखातलं इनुइट पोर हे रांगायच्या आधी शिकतं. कुणी चहा ढवळला. कुणी आपल्याच बुटांकडे बघत बसलं.

"कुणाचीही तक्रार नाही, असं लिहितो," अधिकाऱ्याने खुशीत पेन उघडलं.

"थांब म्हणावं त्याला." उलुरियाक उठली. ती अधिकाऱ्याकडे वळलीच नाही. डोक्यावरची टोपी मागे सारून ती खिडकीबाहेरच्या गोठलेल्या खाडीशी बोलू लागली.

"माशांनो, रागवायचं तर माझ्यावर रागवा, या पोरांवर नको. तीन वर्षं झाली, तुमच्या काळजात गाठी निघतायत. आम्ही गुपचूप कुत्र्यांना घालतो. कुत्र्यांना आता पिल्लं होत नाहीत."

नीवी भाषांतर करू लागली. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"अजून आहे," सासू म्हणाली, आणि आता कुठे तिच्याकडे वळली. "तुझ्या पहिल्या खेपेला गाठ दिसली होती मला. तेवढी कापून टाकली, आणि उरलेला मासा तुला भरवला. हेही सांग त्याला, पोरी."