कच्चा सांधा

शकुंतलाबाईंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. अग्नी देण्याआधी काढून घेतलेलं नवऱ्याचं यांत्रिक हृदय त्यात होतं.

"तुम्ही फुकट दुरुस्त केलंत टिपरेभाऊ, म्हणून आठ महिने जास्त लाभले. आता याचे भाग दुसऱ्या कुणाला तरी घाला."

ही हृदयं बनवणारी कंपनी बुडाल्यापासून निवृत्त पोस्टमास्तर टिपरे दर रविवारी वाचनालयात ती दुरुस्त करत. त्यांनी हृदयाचं झाकण उघडलं. त्यांनीच जोडलेली तार सुटली होती. सोल्डर निवताना हात हलला की सांधा कच्चा राहतो, हे त्यांना रेडिओच्या छंदापासून ठाऊक होतं.

"चांगलं आहे ना आतलं?"

"हो, वहिनी."

भिंतीकडेने माणसं छातीवर हात धरून बसली होती. जिल्ह्यात दुसरा दुरुस्त करणारा नव्हता. टिपऱ्यांनी पुढच्याला बोलावलं आणि तापलेली सोल्डरगन उचलली. तिचं टोक थरथरत होतं.