नावेतला खोकला

नाव डोहात आली आणि फुलवंताबाईच्या गालातल्या बेहड्याचा रस संपला.

काठावर तिनं खोकला दाबायला भाजलेल्या बेहड्याची साल दाढेखाली धरली होती. तिच्या जोरावरच ती नावेत बसली. मानमोडीची साथ ओसरली होती, तरी खात्या नावाडी खोकणाऱ्याला नावेत घेत नव्हता. कोणी मध्येच खोकलं, तर वाटेतल्या वाळूच्या बेटावर उतरवून मोकळा व्हायचा. चढताना त्यानं विचारलं होतं, "खोकला शे का?" फुलवंताबाईनं तोंड मिटूनच नाही म्हणून मान हलवली होती.

आता बेट मागं पडलं होतं. समोर प्रकाशा गावाचा घाट दिसत होता. पण घशात मुंगी चालल्यासारखं पुन्हा व्हायला लागलं. कफ नाही, काही नाही. नुसती कोरडी खवखव. तिनं आवंढा गिळला. श्वास धरून पाहिला. पदराच्या गाठीत आणखी साल होती, पण गाठ सोडताना ती निसटून नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडली.

मग खोकला फुटला. एकदा फुटला तो थांबेचना.

नावेतली माणसं धडपडत उठली आणि पलीकडच्या कडेला जाऊन एकमेकांवर रेलली. नाव कलली. कडेवरून पाणी आत आलं.

"बठा! आपला जागावर बठा!" खात्या ओरडला. "नाव उलटी व्हई जाई!"

कोणी हललं नाही. शहाद्याचे व्यापारी भीकमचंदशेठ सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचले होते. उपरण्यानं नाकतोंड दाबून ते म्हणाले, "हिले पहिले उतारी दे."

"कोठे उतारू, शेठ? खाले दोन पुरुष पानी शे." खात्यानं बांबू उभा पाण्यात घातला. तो बुडाला लागला नाही. "कोनी तरी तिना जोडे बठा. नही ते सगळाच बुडसूत."

शेठांची बायको पतासीबाई उठली. बाई अंगानं भरलेली. घागरा सावरत, फळीला धरत धरत ती आली आणि फुलवंताबाईला खेटून बसली. शेठ मागून काहीतरी म्हणाले, ते तिनं कानावर घेतलं नाही. नाव थोडी सरळ झाली.

"कफ पडस का?" पतासीबाईनं विचारलं.

"नही, माय. कोरडा शे. घसामा मुंगी चालस."

"ताप?"

"तो कव्हयच गया. हाऊ खोकलाच राही गया."

पतासीबाईनं कमरेची डबी काढली आणि ज्येष्ठमधाचं कांडकं तिच्या हातावर ठेवलं. "चावू नको. दाढखाले धर आन् रस घोट. कोठे जाई ऱ्हायनी?"

"पोरकडे. तिना दिन भरी गयात. तिले मन्हाबिगर कोनी नही."

पतासीबाईनं डबी पुन्हा कमरेला खोचली. मग म्हणाली, "बाळले हातमा लेशी तव्हय तोंडले पदर बांधजो."

खोकला हळूहळू बसला. पलीकडच्या कडेचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "हळद तव्यावर भाजानी, गूळमा गोळी करानी." म्हणता म्हणता तो वीतभर अलीकडे सरकला. दुसऱ्यानं अडुळसा सांगितला. "अडुळसा कफना खोकलाले," तिसरीनं त्याला उडवून लावलं, "कोरडाले मिरं आन् तूप." त्यावरून जुंपली. खात्यानंही मोहाच्या कोमट दारूची बाजू घेतली. भांडता भांडता माणसं आपापल्या जागी येऊन बसली आणि नाव पुरती सरळ झाली. भीकमचंदशेठ तेवढे पलीकडेच होते, तोंडावर उपरणं धरून.

पण खोकल्याचा आवाज पाण्यावरून पुढे गेला होता. परतीच्या नावेसाठी थांबलेली माणसं घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली होती. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. खाली पाटलाचा माणूस काठी आडवी धरून उभा.

"तठेच थांबा! खोकलं कोन?"

खात्यानं नाव रोखून धरली. फुलवंताबाई उठायला लागली, तसा पतासीबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"कोन ते सांगा! नही ते सगळी नाव परत जाई!"

भीकमचंदशेठांनी घाटाकडे पाहिलं. नावेतल्या माणसांकडे पाहिलं. फुलवंताबाईवर त्यांची नजर क्षणभर अडली. मग तोंडावरचं उपरणं काढून त्यांनी खांद्यावर टाकलं.

"कोनीच नही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "आठे कोनलेच खोकला नही."

शेठांचा शब्द. काठी बाजूला झाली, नाव घाटाला लागली. माणसं पायऱ्या चढू लागली. पुढे शेठ, मागं पतासीबाई, तिच्या पाठीला लागून फुलवंताबाई.

पाटलाच्या माणसासमोर आली न आली, तोच घशात पुन्हा मुंगी चालली. फुलवंताबाईनं तोंडावर पदर दाबला. तिचे खांदे हलायला लागले. शेठांनी एकदाच मागं वळून पाहिलं.

"गाडी कोठे शे रे?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की घाटावरची कबुतरं उडाली. "अरे, मन्ही गाडी कोठे शे?"

गाडी समोरच उभी होती, बैल जुंपलेली.