पुठ्ठ्याचं दार

रविवारी माझ्या नव्या बिल्डिंगमागच्या झाडाखाली मुलांसोबत घर बांधलं. दोन फांद्यांना दोरी, दोरीवर माझ्याकडची एकुलती एक चादर आणि दाराला फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा. धाकटा हुकूम सोडत होता, मी राबत होतो. कंबरेचा पार काटा ढिला झाला. थोरलीनं आतल्या जागा वाटून टाकल्या. ही आईची, ही आमची, तो कोपरा मांजराचा.

मी रांगत आत डोकं घातलं, तर धाकट्यानं दोन्ही हातांनी मला मागे ढकललं.

"अरे, मीच बांधलंय ना हे?"

"हो, पण बाबा घरात नसतात येत," थोरलीनं समजावलं. "बाबा गेटपाशी थांबून हॉर्न वाजवतात. मग आम्ही बाहेर येतो."



मी पुठ्ठ्यापासून जरा लांब जाऊन उभा राहिलो आणि तोंडानं हॉर्न वाजवला.