पहाटेचं धुणं

उभ्या जन्मात भगवानने स्वतःचा चहाचा कपही विसळला नव्हता. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं आणि वर्षभरानं तो पहाटे उठून स्वतःची लुंगी धुवायला लागला. आजारानं नवरा सुधारला, म्हणून मालूला कोण कौतुक! रोडपालीत भाचीच्या हळदीला तिनं भर मांडवात सांगितलं, “आमचे हे आता सवताची लुंगी सवता धुतात!” बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आज पनवेलच्या दवाखान्यात तपासणीला दोघं बसली होती. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. तरी डॉक्टरांनी विचारलं, “काका, लघवीतून, शौचातून रक्त जातं? रेडिएशननंतर उशिरानंही होतं तसं. औषध आहे, पण लपवू नका.” “नाय ओ, काय नाय,” भगवान जमिनीकडं बघत म्हणाला. मालू खुर्ची पुढं ओढून डॉक्टरांकडं वाकली. मांडवातलं तेच वाक्य ती बोलली, पण कुजबुजत: “डॉक्टर, हे सवताची लुंगी सवता धुतात.”